भाड्यापुरते पैसे

आमच्या आबांच्या खिशात किती पैसे असतात, हे दीपनगरच्या कॉलनीत कुणालाही विचारा. सगळ्यांना पाठ आहे. "जायचं भाडं, यायचं भाडं आणि एक चहा. बास." हे 'बास' म्हणताना आबा उजवा हात असा खाली आणतात, की आख्खं वीजकेंद्र आता बंद पडणार असं वाटतं.

आबा म्हणजे माझे मोठे काका, पितांबर दोधू पाटील. बॉयलरच्या दुरुस्ती खात्यात फिटर. माझी शाळा कॉलनीत, म्हणून मी त्यांच्या क्वार्टरमध्ये राहते. क्वार्टरमध्ये आबा कॉलनीची शुद्ध मराठी बोलतात. रागावले की मात्र थेट गावाकडची अहिराणी. म्हणजे त्यांचा राग ओळखायला तोंडाकडे बघावं लागत नाही.

सत्त्याऐंशी सालापर्यंत आबा चारचौघांसारखे होते म्हणतात. त्या साली पगाराचं पाकीट घेऊन ते तसेच भुसावळच्या बाजारात गेले. वांगी घेतली, पैसे द्यायला हात घातला, तर खिशाच्या जागी ब्लेडने कापलेली खिडकी, आणि खिडकीतून आबांची गंजी बाहेर बघतेय. एक हजार चारशे साठ रुपये गेले. वांगीवाली म्हणाली, "ओ बाबा, वांगी ठेवा खाली." आबांना चोरापेक्षा ती वांगीवाली जास्त लागली. मंदाकाकू, म्हणजे आमची काकू, ही गोष्ट सांगताना चोराचीच बाजू घेते. "चोरना काय दोष? पन त्यानी निदान भाजीपुरतं सोडाले जोयजे व्हतं."

तेव्हापासून आबांच्या तोंडात एकच वाक्य : "खिशातला पैसा दुसऱ्याचा असतो." आणि ब्याण्णव साली पगार बँकेत जमा व्हायला लागला, तेव्हा बाकीचे फिटर रडले. टोकन घ्या, रांगेत उभे राहा, दोन वाजले की खिडकी बंद. आबा एकटे हसत आले. त्यांच्या हातात चेकबुक होतं. त्यांनी ते देव्हाऱ्याजवळ ठेवलं, काकूने ते उचलून रेडिओवर ठेवलं, एवढाच काय तो वाद.

चेकवर दोन रेघा मारल्या की तो खात्यातच जमा होतो, हे कळल्यावर तर आबांना झोप लागेना. बँकेतल्या बाईंनी कोपऱ्यात दोन छोट्या रेघा दाखवल्या होत्या. आबांना ते पटलं नाही. "लहान रेघ, लहान बंदोबस्त." ते फूटपट्टी ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल बॉलपेनने दोन रेघा ओढायचे. चेक लांबून बघितला तर जखमेवर पट्टी बांधल्यासारखा दिसायचा.

पण चेक घेणार कोण? गिरणीवाला म्हणाला, "आबा, दळण चार रुपयांचं, मला भुसावळच्या बँकेत जाऊन यायला सहा." दूधवाला नुसता हसला. जामनेरच्या एका लग्नात आबांनी आहेर म्हणून एक्कावन्न रुपयांचा चेक दिला. तिथे माइकवर आहेर पुकारणारा माणूस रंगात आला होता. "निंबा कौतिक महाजन यांच्याकडून अकरा रुपयेऽऽ! लोटन आनंदा यांच्याकडून एकवीस रुपयेऽऽ! पितांबर दोधू पाटील, दीपनगर, यांच्याकडूनऽऽ..." मग कर्ण्यातून नुसतं खरखर. मग त्याच माइकवर, हळूच, बाजूच्याला : "हे काय रे भो?" आणि मग पुन्हा मोठ्याने, "एक कागदऽऽ!"

आख्खा मांडव हसला. आबा उठून माइकपर्यंत गेले आणि त्याला चेक म्हणजे काय हे समजावून सांगू लागले. तेही माइकमधून सगळ्यांना ऐकू गेलं. त्या दिवसापासून काकू आबांबरोबर लग्नाला जाताना दहा पावलं मागे चालते.

तर अशा आबांना मुलासाठी मुलगी बघायला जायचं होतं.

हिलालदादा त्यांचा एकुलता एक. अठ्ठावीस वर्षांचा, वायरमन, भुसावळला एका दुकानात. त्याने चार मुली बघितल्या होत्या. दोघींनी 'नोकरी कायम नाही' म्हणून नाही सांगितलं, दोघींना आबांनी. दादा कधी काही बोलला नाही. तो बोलतच नाही. पण गेल्या उन्हाळ्यात धुळ्याला एका लग्नात त्याने एक मुलगी पाहिली. मांडवात एक उघडी वायर लोंबत होती आणि ही मुलगी कमरेवर हात ठेवून मांडववाल्याशी भांडत होती. "पोरंसोरं फिरताहेत, टेप लावा आधी, मग बुंदी खा!" वायरमनला आणखी काय पाहिजे? दादा तीन दिवस जेवला नाही. मग त्याने फक्त एकच वाक्य काकूला सांगितलं, "माय, तीच." मुलीचं नाव प्रमिला. बारावी कॉमर्स. धुळ्याच्या अलीकडे, हायवेपासून दोन मैल आत त्यांचं गाव.

मध्यस्थ होते झुलाल नाना. नाना लग्न जुळवतात, पण त्यांचा एक नियम आहे. मध्यस्थाचा हात खिशात जात नाही. भाडं, चहा, पान, सगळं ज्याचं काम त्याचं. आबा, काकू, दादा, नाना मिळून चार जण झाले. चार जणांनी मुलगी बघायला जाऊ नये म्हणतात, म्हणून पाचवी मी.

रविवारी सकाळी निघताना आबांनी दारात सगळ्यांना उभं केलं. कारखान्याच्या गेटवर करतात तशी तपासणी. "पाच जणांचे पाच खिसे म्हणजे चोराला पाच दुकानं. काढा."

काकूच्या पदराच्या गाठीतून पन्नास रुपये निघाले. "डाळीच्या डब्यात ठेव," आबा म्हणाले.

"अहो, पोर दखाले जाय ऱ्हायनूत आपण! पोरना हातवर पैसा ठेवाले लागतीन!"

"त्याची सोय केली आहे."

दादा दारातून बाहेर पडताना किंचित लंगडला. आबा म्हणाले, "थांब." दादाच्या मोज्यात वीसची नोट होती. तीही डाळीच्या डब्यात गेली. माझ्या कंपासपेटीतले साडेतीन रुपयेसुद्धा काढून घेतले, ही गोष्ट मी आबांना माफ केलेली नाही. नानांना मात्र आबांनी तपासलं नाही, पाहुणे म्हणून.

मग त्यांनी आम्हाला पगाराचं एक जुनं पाकीट दाखवलं. वर लिहिलं होतं, 'परतीचे'. आत दहाच्या चौदा नोटा. माणशी अठ्ठावीस, पाच जणांचे एकशे चाळीस. "एक पैसा कमी नाही, एक पैसा जास्त नाही," आबा म्हणाले, आणि पाकीट गंजीच्या आत गेलं. जायचं भाडं वेगळं, चहाचे पाच रुपये वेगळे. चहाचे पाच पारोळ्याच्या स्टँडवर संपले.

प्रमिलाच्या घरी ओसरीवर सतरंजी टाकली होती. तिचे वडील पुनाभाऊ, एकदम गरीब स्वभाव, नुसते "या या, बसा बसा" म्हणत सगळ्यांना दोनदा बसवत होते. घर चालत होतं ते त्यांच्या विधवा बहिणीच्या, भिकुबाईंच्या हुकमावर. भिकुबाईंचा आवाज विहिरीच्या रहाटासारखा, प्रत्येक वाक्याला आधी करकर आणि मग पाणी.

पोहे झाले, चहा झाला. प्रमिला समोर येऊन बसली. आबांनी विचारलं, "शिक्षण?" ती म्हणाली, "बारावी कॉमर्स." आबांचे डोळे चमकले. "चेक कशाला म्हणतात?" काकूने माझा हात एवढा दाबला की मीच ओरडणार होते. प्रमिलाने व्यवस्थित सांगितलं. आबा आमच्याकडे वळून म्हणाले, "बघा! याला म्हणतात शिक्षण." दादा जमिनीकडे बघत होता, पण त्याचे कान लाल झाले होते.

आता रीत अशी, की मुलगी पसंत नसेल तर चहा घ्यायचा, 'कळवतो' म्हणायचं आणि उठायचं. कुणाला वाईट वाटत नाही. पसंत असेल तर मोठ्या माणसाने तिच्या ओंजळीत नारळ ठेवायचा, खण ठेवायचा आणि वर रोख पैसे. नारळ एकदा ठेवला की मागे येता येत नाही. आबांनी नारळ ठेवला. खण ठेवला. ओसरीवरच्या सगळ्या बायका पुढे वाकल्या. आणि आबांनी मोठ्या ऐटीत बंडीच्या खिशातून घडी केलेला कागद काढला, उलगडला आणि नारळावर ठेवला.

पाचशे एक रुपयांचा चेक. प्रमिलाच्या नावाचा. वरून दोन लाल रेघा.

मग रहाट फिरला. भिकुबाईंनी कागद उचलला, उजेडात धरला, मागून बघितला, पुढून बघितला. वाचता येत नव्हतं, पण तिथे बसलेल्या एका भाच्याला त्यांनी बोट ठेवून विचारलं, "हाई काय लिखेल शे?"

"प्रमिलाताईचं नाव."

"नी हायी रेघा?" त्या आबांकडे वळल्या. "पोरना नाववर रेघा कोनी माऱ्यात?"

"मी," आबा अभिमानाने म्हणाले.

झालं.

"पसंत नही ते तोंडवर सांगा! नारळ ठेवतस नी नाव खोडतस? आम्हनी पोर काय दुकानमाधला माल शे, पावती फाडाले?"

"अहो बाई, हे पैसे आहेत! पाचशे एक!"

"कोठे शेत?"

"यात!"

भिकुबाईंनी चेक झटकला. दोनदा झटकला. त्यातून काही पडलं नाही. मागे कोणीतरी फिस्कन हसलं, आणि ते हसणं आवरता आवरता माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. पण दादाकडे बघितलं आणि हसू गेलं. तो त्या नारळाकडे बघत होता.

शेवटी प्रमिलाच बोलली, मान खाली घालून. "आत्या, नाव खोडलेलं नाही. रेघा मारल्या म्हणजे पैसे खात्यातच जमा होतात. कुणाला काढता येत नाहीत."

"तुनं खातं शे का?"

"नाही."

"मंग?"

या 'मंग'ला कॉमर्समध्ये उत्तर नव्हतं. पुनाभाऊ म्हणाले, "जाऊ दे ना, अक्का." अक्का जाऊ देणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी चेक पुन्हा नारळावर ठेवला, दोन बोटांनी, मेलेली पाल धरल्यासारखा. "हातवर लक्ष्मी ठेवतस, कागद नही. एक रुपया ठेवा, पन रोकडा ठेवा. नही ते नारळ उचला नी जा."

काकू आबांच्या कानाशी गेली. तिला वाटतं ती कुजबुजते. ओसरीवरच्या सगळ्यांना ऐकू आलं. "पाकीटमाईन काढा."

"ते भाडं आहे."

"एक रुपया!"

"एक रुपया काढला तर एकशे एकोणचाळीस राहतात. माणशी अठ्ठावीस. पाचवं तिकीट येत नाही."

"माले ठी जा आठेच! मी चालत इसू!"

"मंदा, हिशोब हा हिशोब."

खरं सांगते, त्या क्षणी मला आबांचं डोकं त्या नारळावर आपटावंसं वाटलं. घरात डाळीच्या डब्यात त्र्याहत्तर रुपये पन्नास पैसे. बँकेत हजारो. चेक पाचशे एकचा. आणि एक रुपया नाही! आबांचंही तोंड बघण्यासारखं झालं होतं. घाम आला होता. ते पुनाभाऊंना, भिकुबाईंना, खांबाला, सगळ्यांना समजावत होते. "पाचशे एक! कोण देतं आज पाचशे एक? लोक एकशे एक देतात! मी पाचपट देतो आहे, आणि मलाच..." मग मराठी सुटली. "माले कोनीच समजी नही लेत! कोनीच!" आणि मला पहिल्यांदा कळलं, की ते चेष्टा म्हणून नाही करत हे. त्यांना खरंच वाटत होतं, की आपण सगळ्यांत चांगली, सगळ्यांत सुरक्षित वस्तू त्या मुलीच्या हातावर ठेवली.

प्रमिलाची ओंजळ हळूहळू खाली झुकायला लागली होती. नारळ जड असतो. ती कितीतरी वेळ तशीच बसली होती.

दादा उठला. आबांसमोर येऊन बसला. "आबा, ते पाकीट द्या."

"भाडं आहे रे ते."

"माहीत आहे."

"परत कसं जायचं?"

"ते मग बघू. ही मुलगी मग नाही दिसणार."

एवढं लांब वाक्य दादाने माझ्यासमोर आजवर बोललेलं नाही. आबांनी हात गंजीच्या आत घातला, आणि हात आतच राहिला. दादाने वाट बघितली नाही. बापाच्या गंजीतून त्याने पाकीट ओढून काढलं, नोटा बाहेर घेतल्या आणि चेकच्या शेजारी प्रमिलाच्या ओंजळीत ठेवल्या. मोजल्या नाहीत. प्रमिलाने वर बघितलं. बस, तेवढंच.

आम्ही श्वास सोडला. भिकुबाईंनी सोडला नाही. त्यांनी नोटा मोजल्या. "एकशे चाळीस."

"हो," दादा म्हणाला.

"हाई कोनती रीत? वरला एक कोठे शे?"

आणि खरंच की. शुभकार्याला कोणी शून्यावर संपणारी रक्कम ठेवतं का? वरचा एक रुपया लागतोच. आबा एकदम जिवंत झाले. "सोपं आहे! एकशे एक ठेवा, एकोणचाळीस परत द्या!"

"एकशे एकले बी सुटा रुपया लागस," काकू म्हणाली. "दहाच्या दहा नोटांवर एक कोठेन आनतस?"

"नी हातवर ठेवेल परत लेतस का कोनी?" भिकुबाई म्हणाल्या.

मग सगळ्यांची नजर एकाच माणसाकडे गेली. झुलाल नाना पानाची देठं मोडत भिंतीकडे बघत होते.

"नाना," दादा म्हणाला.

"मध्यस्थाचा हात खिशात जात नाही," नाना म्हणाले. "बाप, आजा, कोणीच घातला नाही."

"मग हात नका घालू. उभे राहा."

नाना उभे राहिले. काकूने त्यांचा खिसाच बाहेर ओढून उलटा केला. तंबाखूची पुडी पडली, चुन्याची डबी पडली, आणि टणकन एक रुपया. नाना रुपयाकडे बघत म्हणाले, "तंबाखूचा होता तो." दादाने तो उचलला, शर्टाला पुसला आणि नोटांवर ठेवला. एकशे एक्केचाळीस.

भिकुबाईंनी पुनाभाऊंकडे बघितलं. पुनाभाऊंनी आधी प्रमिलाकडे बघितलं. मग म्हणाले, "बठ्ठं बरं व्हयनं. गूळ लई या."

गूळ खाल्ला. लग्न ठरलं. आणि आम्ही पाच जण, खिशात एक पैसा नाही, हायवेच्या दिशेने दोन मैल उन्हात चालायला लागलो. पुनाभाऊ भाडं देत होते. काकूचा हात पुढे गेलाही होता. पण नाना म्हणाले, "आज या घरातून पैसे घेतले तर दिलेले परत घेतल्यासारखं होईल." स्वतःचा रुपया गेल्यापासून नाना रीतीला फारच कडक झाले होते.

हायवेवर धुळे-भुसावळ गाडी थांबली. आबांनी कंडक्टरला चेकबुक दाखवलं. कंडक्टर भला माणूस होता. त्याने चेक हातात घेऊन पूर्ण वाचला. "बाबा, हा मी डेपोत भरला ना, तर साहेब माझ्यावरच दोन रेघा मारतील." टिंग टिंग. गाडी गेली. आबा धुळीत उभे राहून गाडीला सांगत राहिले, "सरकारी बँक आहे! सरकारी!"

पाऊण तासाने रावेरला परत जाणारा एक ट्रक थांबला, रिकामा, केळीचा पाला पसरलेला. ड्रायव्हर म्हणाला, "माणशी वीस." आबांनी तोंड उघडलं. "आमच्याकडे चे..."

"आबा," दादा म्हणाला, "आता गप्प बसा."

आबांनी चेकबुक परत बंडीत घातलं. काकूने ड्रायव्हरला सांगितलं, पैसे दीपनगरला मिळतील, घरी डाळीच्या डब्यात सत्तर आहेत, वरचे तीस शेजारीण देईल. ड्रायव्हरने डाळीच्या डब्यावर विश्वास ठेवला. चेकवर कोणी ठेवला नव्हता.

आम्ही पाल्यावर बसलो. एरंडोल गेल्यावर आबा हळूच म्हणाले, "तो चेक त्यांच्याकडेच राहिला."

"राहू द्या," दादा म्हणाला.

"पाचशे एकचा आहे."

"माहीत आहे."

"तिला खातं उघडायला सांग. दोन फोटो लागतात. सही मात्र एकसारखी करायची म्हणावं."

जळगावच्या जकात नाक्यावर ट्रक रांगेत थांबला. खाली टपरीवर चहा उकळत होता. आलं घातलेलं होतं, वास वरपर्यंत येत होता. प्रमिलाच्या घरच्या चहा-पोह्यांनंतर आमच्या पोटात गुळाचा एकेक खडा एवढंच गेलं होतं. आम्ही पाचही जण कठड्यावर हनुवटी टेकवून त्या पातेल्याकडे बघत होतो. टपरीवाल्याने वर बघून विचारलं, "किती देऊ?"

आबांनी ओठ चाटले. "एकेक चहा मिळाला असता तर बरं झालं असतं," ते म्हणाले.

"मंग फाडा ना चेक," काकू म्हणाली.